अजगर : त्याचे बळ आणि त्याचा लौकिक

अजगर हा शब्द संस्कृतातून आलेला आहे. 'अज' म्हणजे बोकड आणि 'गर' म्हणजे गिळणारा. तेव्हा बोकड गिळणारा तो अजगर, असा ह्या नावाचा सरळ अर्थ होय. ज्या कोणी हे नाव ठेविले त्याने डोळ्यांनी पाहिलेलीच गोष्ट नावात घातली असावी, असे आम्हांस वाटते. ह्या प्राण्याविषयी लोकांत जितक्या गोष्टी चालतात, त्यांपैकी इतकी खरी दुसरी क्वचितच सापडेल. कोणी म्हणतात, अजगर नुसत्या श्वासाने वाटसरास आपल्याकडे ओढून घेतो. कोणी म्हणतात, त्याची नजर पडली म्हणजे जनावराचे पाय जागीच खिळतात. गिळून झाल्यावर तो झाडास विळखा घालून पोटातली हाडे कडाकड मोडतो, हे तर बहुतेक प्रत्येक गावी कोणीतरी प्रत्यक्ष पाहिलेले असते. आणि गंमत अशी की, ज्या तोंडाने हे सांगावयाचे त्याच तोंडाने आळशी पोरास 'अजगरासारखा काय पडला आहेस' असेही म्हणावयाचे. प्राणी एकच, पण लौकिक दोन : एक राक्षसाचा व दुसरा सुस्ताचा.

अजगराचे बळ खोटे नव्हे, हे आम्ही प्रथमच सांगून ठेवितो. ते फार मोठे आहे, व त्याने माणसे मेल्याचीही खरी उदाहरणे पुढे येतील. परंतु लोक ते बळ जेथे आहे असे समजतात तेथे ते नाही. भलत्या ठिकाणी भीती बाळगिली म्हणजे खऱ्या ठिकाणची सावधगिरी सुटते, आणि त्यापायी अजगरही मरतात व माणसेही मरतात. म्हणून आमच्या वाचकांनी, विशेषतः गावोगाव शिकविण्याचे काम करणाऱ्या बंधूंनी, हा पाठ सावकाश वाचावा व रात्री चार लोक जमले असता त्यांस वाचून दाखवावा.

आपल्या इकडे जो सापडतो तो भारतीय अजगर. लिनीयस ह्या स्वीडिश पंडिताने १७५८ साली ह्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. सह्याद्रीच्या दाट रानापासून विदर्भाच्या जंगलापर्यंत, नदीनाल्यांच्या काठी, खडकांच्या कपारींत व जुन्या बिळांत तो राहतो. राजस्थानात भरतपूर येथे केवलादेव नावाचे पाणपक्ष्यांचे प्रसिद्ध अभयारण्य आहे. तेथील अजगर साळिंदराच्या बिळांत साळिंदरांसह बिऱ्हाड करितात, आणि थंडीच्या दिवसांत ऊन पडले म्हणजे बिळाच्या तोंडाशी येऊन अंग शेकीत पडतात. भारतीय अजगराची लांबी बहुधा ३ मीटरांच्या, म्हणजे सुमारे १० फुटांच्या आसपास असते. त्याहून मोठे नग सापडतात, पण थोडे. ह्याचाच अगदी जवळचा भाऊबंद ब्रह्मदेशी अजगर होय. तो ईशान्य भारतापासून पुढे पूर्वेकडे आढळतो आणि अंगाने अधिक मोठा होतो. पूर्वी ह्या दोघांस एकच जात मानीत असत. सर्वांत लांब तो जाळीदार अजगर. त्याच्या अंगावर जाळे विणल्यासारखी नक्षी असते, म्हणून हे नाव. त्याचा मुलूख म्हणजे मलाया, इंडोनेशिया, फिलिपाइन्स इत्यादी प्रदेश. आपल्या देशापैकी तो फक्त निकोबार बेटांत आहे.

इंग्रजीत अजगरास पायथन म्हणतात. हे नाव ग्रीक लोकांच्या कथेतील डेल्फी येथल्या सर्पाचे. डेल्फी येथे शकुन सांगत असत, त्यावरून भविष्य वदविणाऱ्या आत्म्यासही ग्रीक लोक तेच नाव देऊ लागले. आणि प्रेषितांची कृत्ये १६:१६ ह्या ठिकाणी फिलिप्पै नगरातील दासीविषयी जे लिहिले आहे, तेथे मूळ ग्रीक भाषेत हाच शब्द आलेला आहे. मराठी भाषांतरात तो दिसून येत नाही, म्हणून येथे जाता जाता सांगितले.

आता लांबीविषयी. अजगराची लांबी मोजपट्टीने वाढते त्यापेक्षा जिभेने अधिक वाढते. किपलिंग नावाच्या इंग्रज लेखकाने १८९४ साली जंगलाच्या गोष्टींचे जे पुस्तक लिहिले, त्यात शिवनीच्या रानातील अजगर ३० फूट लांब असून तो वानरांस आपल्या नाचाने भारून टाकितो असे वर्णिले आहे. गोष्ट म्हणून ती चांगली आहे, पण ३० फुटांचा अजगर शिवनीत काय, जगात कोठेही आजवर कोणी खात्रीने मोजून दाखविलेला नाही. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी, ३० फूट लांबीचा जिवंत सर्प आणून देणारास १,००० डॉलर देऊ केले होते. पुढे न्यूयॉर्कच्या प्राणिशास्त्रीय मंडळीने ती रक्कम वाढवीत वाढवीत ५०,००० डॉलरांवर नेली. इतके झाले तरी ते बक्षीस घेण्यास कोणी आला नाही. अमेरिकेतच पिट्सबर्ग येथील प्राणिसंग्रहालयात एक जाळीदार अजगर होता. तो ८.७ मीटर लांब असल्याचे १९५६ साली जाहीर झाले, व पुस्तकांमागून पुस्तके तो आकडा उतरून घेत राहिली. मेल्यानंतर त्याचे जे माप घेतले होते ते अवघे ६.३५ मीटर होते, ही गोष्ट २०१२ साली लोकांपुढे आली. पाळलेल्या अजगरांपैकी खरोखर मोजलेला फार मोठा नग म्हणजे अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथील एक मादी. ती २०११ साली ७.६७ मीटर, म्हणजे सुमारे २५ फूट भरली. कातडे दाखवून कोणी लांबी सांगू लागला तर वाचकांनी एवढे ध्यानात ठेवावे की, सोलून ताणलेले कातडे जिवंत जनावराहून बरेच लांब होते.

परंतु २० फूट तरी काय थोडे झाले? अशा प्राण्याची शिकार करण्याची रीत पाहण्यासारखी आहे. अजगर भक्ष्याच्या पाठीमागे धावत नाही. धावला तर ससाही त्याच्या हाती लागावयाचा नाही. जनावरांच्या पायवाटेच्या कडेस, पाणवठ्याजवळ किंवा झाडाच्या फांदीवर तो तासन्‌तास, प्रसंगी दिवसेंदिवस निश्चळ पडून राहतो. अंगावरील तपकिरी व पिवळट ठिपके वाळक्या पाल्यात असे मिसळून जातात की, चार पावलांवरून जाणारासही तो दिसू नये. त्याच्या ओठांवर लहान लहान खळगे असतात. त्या खळग्यांनी त्यास उष्णता कळते. त्यामुळे अंधारी रात्र असली तरी गरम रक्ताचा प्राणी जवळ आला हे तो ओळखतो. लोक ज्यास सुस्ती म्हणतात ती ही दबा धरून बसण्याची रीत होय. भक्ष्य टप्प्यात आले की निमिषात डोके पुढे येते. दात आतल्या बाजूस वळलेले असल्यामुळे एकदा रुतले म्हणजे भक्ष्याने मागे ओढल्याने ते अधिकच रुततात. दातांत विष नसते. दातांनी केवळ धरावयाचे. मारण्याचे काम विळख्याचे.

हा विळखा कसा मारितो ह्याविषयी फार दिवस शास्त्रज्ञांचीही समजूत अपुरी होती. कोणी म्हणत हाडे मोडतात, कोणी म्हणत श्वास कोंडतो. अमेरिकेतील डिकिन्सन कॉलेजाचे स्कॉट बोबॅक व त्यांचे सहकारी ह्यांनी बोआ ह्या सर्पावर प्रयोग करून २०१५ साली ह्याचा उलगडा प्रसिद्ध केला. बोआ हा अजगर नव्हे, पण विळखा घालून मारण्यात तो अजगरासारखाच आहे. उंदरांस गुंगी देऊन, त्यांच्या रक्तवाहिन्यांत बारीक नळ्या बसवून, मग ते बोआपुढे ठेविले. तेव्हा असे दिसून आले की, विळखा पडल्यापासून सहा सेकंदांत रोहिणीतील रक्ताचा दाब निम्म्यावर येतो. हृदय ढकलते, पण रक्त पुढे जात नाही. मेंदूस रक्त मिळेनासे झाले की प्राणी थोडक्यात शुद्ध हरपतो. श्वास कोंडून मरण्यास जितका वेळ लागेल तितकाही येथे लागत नाही. ह्याच मंडळींनी त्यापूर्वी २०१२ साली आणखी एक नवल दाखविले होते. मेलेल्या उंदरात त्यांनी पाण्याने भरलेली लहानशी फुगी बसवून ती हृदयासारखी धडधडत ठेविली. धडधड चालू असेतोपर्यंत सर्प दाबीत राहिला, ती थांबली तेव्हा त्याने विळखा सैल केला. भक्ष्याच्या हृदयाचे ठोके त्यास अंगाने ऐकू येतात, असे म्हटल्यास चालेल. एवढे बारीक ज्ञान ज्या प्राण्यापाशी आहे त्यास श्वासाने ओढण्याची किंवा नजरबंदी करण्याची गरज ती काय? ओढणारा श्वास त्याच्यापाशी मुळीच नाही. लोक जो ऐकतात तो चिडलेल्या अजगराचा फुसकारा होय, आणि ती वारा बाहेर टाकण्याची क्रिया आहे.

गिळण्याविषयी पाठ घेणाराने मुलांपुढे असे करून दाखवावे. दोन्ही हात कोपरांपासून पुढे करून बोटांची टोके एकमेकांस लावावी. हा माणसाचा खालचा जबडा, हनुवटीपाशी जोडलेला. आता बोटे सोडून हात एकमेकांपासून दूर न्यावे, हा अजगराचा. त्याच्या खालच्या जबड्याचे दोन भाग पुढे जोडलेले नसतात. मधले कातडे व स्नायू ताणून ते हवे तितके फाकतात. पुष्कळ पुस्तकांत जबडा निखळतो असे लिहिलेले असते, ते बरोबर नव्हे. काही निखळत नाही, सांध्याची ठेवणच तशी आहे. मग एकदा उजवी बाजू पुढे, एकदा डावी, अशा रीतीने तो आपले तोंड भक्ष्यावर चालवीत नेतो. भक्ष्य बहुधा डोक्याकडून आत जाते, म्हणजे पाय व शिंगे आडवी येत नाहीत. ह्या सगळ्या वेळात गुदमरू नये म्हणून श्वासनळीचे तोंड पुढे करून तो जबड्याच्या कडेने श्वास घेत राहतो.

एकदा पोटात गेले म्हणजे हाडे मोडण्याचे कारण उरत नाही. जठरातील आम्ल हाडेही विरघळविते. केस, नखे व खूर तेवढे विष्ठेवाटे बाहेर पडतात. झाडाच्या विळख्याची गोष्ट येथे संपली. खरे जे घडते ते त्याहूनही आश्चर्याचे आहे. ब्रह्मदेशी अजगराने मोठे भक्ष्य गिळले असता दोन दिवसांत त्याचे हृदय सुमारे ४० टक्के वाढते, हे २००५ साली मोजून दाखविण्यात आले. आतडी, यकृत इत्यादीही वाढतात; काम संपले म्हणजे सर्व पुन्हा पूर्ववत्‌ लहान होते. पुढे कित्येक आठवडे, आणि वेळ पडल्यास महिनोन्‌महिने, त्यास अन्नाची गरज पडत नाही. परंतु पोट भरलेला अजगर फार अडचणीत असतो. त्यास पळता येत नाही, अंगास ऊब मिळाली नाही तर पचत नाही, आणि कोणी छेडले तर गिळलेले सारे ओकून टाकण्यावाचून त्यास गत्यंतर नसते. अमेरिकेतील फ्लॉरिडा प्रांतात २०१५ साली असा एक अजगर सापडला. तो स्वतः सुमारे १४ किलो वजनाचा, आणि उघड्यावर आणल्याबरोबर त्याने जे हरणाचे पाडस ओकून टाकिले ते सुमारे १६ किलोंचे होते. स्वतःहून जड भक्ष्य गिळणारा प्राणी वाचकांपैकी किती जणांनी ऐकला असेल?

आता मुख्य प्रश्न : अजगर माणसास खातो काय? ह्याचे उत्तर एका शब्दात देऊ नये.

फिलिपाइन्सच्या लुझोन बेटात आग्टा नावाचे वनवासी लोक आहेत. अंगाने लहान, शिकारीवर जगणारे. थॉमस हेडलँड हे १९६२ पासून त्यांच्यात राहून त्यांची भाषा व रीती शिकले. १९७६ साली त्यांनी १२० वडील माणसांस एकेक करून विचारिले. ५८ पुरुषांपैकी १५ जणांवर जाळीदार अजगराने केव्हा ना केव्हा हल्ला केलेला होता. ६२ बायकांपैकी एकीवर. म्हणजे पुरुषांत जवळजवळ चौघांतील एक. बहुतेकांनी कोयत्यासारख्या हत्याराने किंवा बंदुकीने अजगर मारून आपला जीव सोडविला होता, व कित्येकांच्या पायांवर दातांच्या खुणा होत्या. १९३४ पासून १९७३ पर्यंत सहा माणसे अजगराने मारल्याचे त्या लोकांनी सांगितले. शेवटच्या प्रसंगी संध्याकाळी झोपडीत शिरलेल्या अजगराने दोन मुले मारिली. बाप परत आला तेव्हा तो त्यांपैकी एकास डोक्याकडून गिळीत होता. बापाने त्यास तेथेच तोडिले. तिसरे तान्हे मूल सुखरूप राहिले. ही सर्व माहिती हेडलँड ह्यांनी हॅरी ग्रीन ह्या सर्पशास्त्रज्ञांच्या साह्याने २०११ साली प्रसिद्ध केली. तिच्यात आम्हांस विशेष वाटली ती दुसरी बाजू. आग्टा लोकही अजगर मारून खात असत. आणि हरिण, रानडुक्कर व वानर ही दोघांचीही शिकार. म्हणजे एकाच रानात हे दोघे एकमेकांचे भक्ष्यही होते, शिकारीही होते आणि वाटेकरीही होते. त्या लोकांनी अजगरास राक्षस मानिले नाही किंवा देवही मानिले नाही. हाती हत्यार घेऊन रानात जावे, एवढेच ते समजत.

इंडोनेशियातील अलीकडच्या गोष्टीही खऱ्या आहेत. मार्च २०१७ मध्ये सुलावेसी बेटाच्या पश्चिम भागात ताडतेलाच्या मळ्यात गेलेला एक तरुण परत आला नाही. शोध केला तेव्हा सुमारे ७ मीटरांच्या अजगराच्या पोटात तो सापडला. २०१८ साली मुना बेटात आपल्या बागाइतीकडे रात्री गेलेली एक बाई, २०२२ साली सुमात्रातील जांबी येथे रबराचा चीक काढण्यास गेलेली दुसरी, व २०२४ साली दक्षिण सुलावेसीत आणखी एक, ह्यांची अशीच गत झाली. ह्या सर्व प्रसंगी माणूस एकटे होते. आणि जंगल तोडून त्याच्या जागी मळे झाले म्हणजे डुकरे व उंदीर मळ्यांकडे येतात, व त्यांच्यामागून अजगर येतो, ही गोष्टही विसरता कामा नये.

हे सर्व जाळीदार अजगराविषयी झाले. आपल्याकडील १० फुटी अजगराचा जबडा कितीही फाकला तरी वयात आलेल्या माणसाचे खांदे त्यातून जावयाचे नाहीत. तरी दर दोन-तीन वर्षांनी 'अजगराने माणूस गिळला' अशी बातमी छायाचित्रासह हातोहात फिरतेच. २०१३ साली असे एक चित्र पसरले होते : केरळातील अट्टपाडी येथे दारूच्या दुकानाबाहेर पडलेल्या माणसास अजगराने गिळले म्हणून. तेच चित्र दुसऱ्या लोकांनी चीनचे म्हणून, तिसऱ्यांनी इंडोनेशियाचे म्हणून दाखविले. पोट फुगलेला एक अजगर इतक्या देशांत इतकी माणसे कशी गिळील, हे पुसण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली. दारूबाजांस भय दाखविण्यास ही गोष्ट उपयोगी आहे असे कोणी आम्हांस म्हणेल. परंतु खोट्या गोष्टीने दारू सुटलेली आम्ही पाहिली नाही.

अजगराच्या बळाचे सर्वांत मोठे प्रमाण पाहावयाचे तर एका माणसाच्या मरणाकडे पाहू नये, फ्लॉरिडाकडे पाहावे. तेथे मुळात अजगर नव्हता. हौशी लोकांनी पाळण्यास आणलेले ब्रह्मदेशी अजगर सुटले किंवा सोडून दिले गेले, आणि तेथील एव्हरग्लेड्स नामक दलदलीच्या मुलखात वाढले. रस्त्यावरून रात्री गाडी हाकून दिसतील ती जनावरे मोजावयाची, अशा रीतीने केलेली मोजणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. पूर्वीच्या मानाने रॅकून नावाचे जनावर ९९ टक्क्यांहून अधिक कमी झाले होते, ऑपॉसम जवळजवळ तितकेच, आणि रानमांजरे ८७ टक्के. तेथील एका मादीचे वजन ९८ किलो भरले व तिच्या पोटात १२२ अंडी निघाली, असे २०२२ साली जाहीर झाले. आपल्या रानात हेच बळ कोल्हा, मुंगूस, घोरपड, शिकारी पक्षी व स्वतः माणूस ह्यांच्यात वाटले जाऊन बेताने राहते; अजगराची अंडी व पिल्ले खाणारे येथे पुष्कळ आहेत. तेथे मात्र त्यास विरोध करणारा सुरुवातीस कोणी नव्हता.

इकडे अजगराचे मुख्य अन्न म्हणजे उंदीर, घुशी, ससे, पक्षी, कधी वानर किंवा हरणाचे पाडस. उंदीर-घुशी कमी झाल्याने शेतकऱ्याचा फायदाच होतो. परंतु केव्हा केव्हा तो गोठ्यात शिरतो व करडू किंवा कोंबडी घेतो, हेही खरे. ज्याच्या घरी दोनच शेळ्या आहेत त्यास एक करडू गेले तर काय वाटते हे आम्ही जाणतो, आणि 'तो उपयोगी प्राणी आहे' एवढे बोलून त्याचे समाधान होणार नाही. गोठ्याच्या भिंतीतील भोके बुजवावी, खुराड्यास बारीक जाळी लावावी, जवळपास लाकडांचे व दगडांचे ढीग ठेवू नयेत. कोंबडी गिळलेला अजगर पुष्कळदा आल्या फटीतून बाहेर जाऊ शकत नाही आणि सकाळी खुराड्यातच सापडतो. तेव्हा गावातील तरुण काठ्या घेऊन येतात. त्यांस कोणीतरी शहाण्याने मागे सारले पाहिजे. काठी मारल्याने गिळलेले करडू जिवंत परत येत नाही. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने अजगरास पहिल्या अनुसूचीत घातले असून, त्यास मारणे किंवा त्याचे कातडे वा चरबी विकणे ह्या अपराधास तीनपासून सात वर्षांपर्यंत कैद व दंड आहे. सांधेदुखीवर अजगराची चरबी चोळण्याचा जो प्रघात आहे त्यात काही गुण नाही. लोकांस दूर उभे करावे व महाराष्ट्रात वन खात्यास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे. अजगर धरण्याची हौस कोणी एकट्याने करू नये. हातास किंवा कमरेस त्याने विळखा घातलाच तर डोक्याकडून ओढाताण न करिता शेपटीच्या टोकाकडून विळखे उलगडावे, आणि ह्यास दुसरा माणूस लागतो.

उन्हाळ्याच्या दिवसांत बांधाच्या खड्ड्यात किंवा पाल्याच्या ढिगात मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून बसलेली आढळेल. ती शेजारी भक्ष्य आले तरी बहुधा उठत नाही. ह्या वेटोळ्याविषयी एक जुनी हकीकत आहे. लामार-पिको नावाच्या फ्रेंच प्रवाशाने बंगालकडे अजगराची मादी पाहिली आणि ती आपल्या अंगाने अंड्यांस ऊब देते असे १८३२ साली पॅरिसच्या विद्वन्मंडळास कळविले. सर्प हा थंड रक्ताचा. तो ऊब कोठून देणार? विद्वानांनी त्याचे म्हणणे हसण्यावारी नेले. पुढे १८४१ साली पॅरिसच्याच प्राणिसंग्रहालयात एका मादीने अंडी घातली, आणि व्हालांसिएन ह्या पंडिताने उष्णतामापक यंत्र लावून पाहिले तो वेटोळ्यातील ऊब बाहेरच्या हवेपेक्षा खरोखरच पुष्कळ अधिक निघाली. मादी सर्व अंगाचे स्नायू एकसारखे थरथरवीत राहते. त्या श्रमाने ऊब उत्पन्न होते. ज्या विळख्यास जग भिते तोच येथे दोन महिने पाळण्याचे काम करितो. अशी मादी दिसली असता ती जागा तेवढी सोडून नांगर फिरवावा.

सुमारे दोन महिन्यांनी पिल्ले फुटून बाहेर पडतात. लांबी दीड-दोन फूट. मादी नंतर त्यांची वास्तपूस्त करीत नाही. पावसाळ्याच्या सुमारास ही पिल्ले शेतात दिसू लागतात, आणि आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते ती येथे. घोणस हा अतिविषारी साप रंगाने व जाड बांध्याने अजगराच्या पिल्लासारखा दिसतो. 'अजगराचे पिल्लू आहे, काही करीत नाही' असे म्हणून घोणस हाती धरिल्याने माणसे दगावली आहेत. घोणशीच्या पाठीवर गडद, लांबट गोल ठिपक्यांच्या तीन रांगा साखळीसारख्या नेमक्या अंतराने असतात. अजगराच्या अंगावरील डाग वेडेवाकडे, लहान-मोठे व एकमेकांत मिसळलेले. घोणशीचे खवले खरखरीत, अजगराचे गुळगुळीत व चकचकीत. घोणस वेटोळे करून मोठ्याने व लांबवर फुसकारत राहते. परंतु ही लक्षणे लांबून पाहण्याकरिता सांगितली आहेत. संध्याकाळच्या अंधुक उजेडात, गवतात पडलेल्या सापावर त्यांची परीक्षा घेऊ नये. ओळख पटली असे वाटले तरी हात लावू नये. चावा झालाच तर ज्या अवयवास चावला तो हलवू नये, आवळून दोरी बांधू नये, जखम कापू किंवा चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये, आणि ज्या दवाखान्यात सर्पविषावरील लस मिळते तेथे त्यास तत्काळ न्यावे. तो अजगरच होता असे तेथे ठरले, तर जखम धुऊन घरी पाठवितील.